चढ आला की उतरायचं

पहिला चढ लागला आणि धुरपदाबाई सायकलीवरून खाली उतरली.

मागे चार सायकली होत्या. त्याही थांबल्या.

"काय झालं?" दिनकररावांनी विचारलं.

"काय न्हाई. चढ हाय."

दिनकरराव वीजखात्यातून निवृत्त झालेले अभियंते. पत्नी रोहिणीताईंना घेऊन ते परभणीहून पहाटेच्या एसटीने बोरीला उतरले होते आणि तिथून जीपने वाडीवर आले होते. बॅटरीची सायकल हा त्यांच्या हातचा विषय. त्यांनी हँडलवरचं बटण दाखवलं.

"बाई, ही मोटार चढासाठीच असते. सपाटीला आपण पाय मारायचे, चढाला ती ओढते. त्यासाठीच तर ही सायकल."

धुरपदाबाईने सगळं ऐकून घेतलं. पदर कमरेला खोचला.

"म्हंजी तुमी वर बसनार, आन ती तुमाला चढावर वढनार."

"हो."

"उतरा, साहेब. लय लांबचा चढ न्हाई."

साहेब उतरले. सगळ्यात मागे असलेल्या राजेश्रीने कपाळाला हात लावला. आदल्या संध्याकाळी तिने विनवून सांगितलं होतं, की काकू, बाकी काय पण करा, उद्या चढाला उतरू नका. त्यावर धुरपदाबाई "बरं" म्हणाली होती. तिच्या "बरं"चा अर्थ फक्त ऐकू आलं एवढाच असतो, हे राजेश्रीला चोवीस वर्षांत कळायला हवं होतं. दोघींची घरं एका भिंतीला लागून होती.

धुरपदाबाईने अठरा वर्षं ऊस तोडला. नवरा मुंजाजी तोडायचा, ती मोळ्या बांधायची, आणि भरलेली बैलगाडी कारखान्यावर नेण्याचं काम तिचं. मुंजाजीला बैल ऐकत नसत. तिला ऐकत. सोन्या आणि परधान ही तिची जोडी. चढ आला की ती गाडीवरून उडी मारायची आणि बैलांच्या बरोबरीने चालायची. ऊस उतरवता येत नाही, निदान आपण तरी उतरावं, असा तिचा हिशेब. दोन वर्षांपूर्वी कारखान्याने बैलगाड्या बंद केल्या आणि सगळी वाहतूक ट्रॅक्टरवर नेली. सोन्या आणि परधान चुडाव्याच्या एका शेतकऱ्याकडे गेले. त्या दिवशी ती जेवली नाही, एवढंच मुंजाजी सांगतो.

मग सहा सायकली आल्या. संभाजीनगरच्या एका संस्थेने बचत गटाच्या बायकांना दिल्या. डोंगर आहेत, तलाव आहे, शहरातले लोक येतील, त्यांना दिवसभर फिरवून आणा, असं संस्थेचं म्हणणं. गटात बारा बायका. अकरा जणींनी सायकलीकडे पाहिलं आणि एकमेकींकडे पाहिलं. दोन महिने सायकली समाजमंदिरात उभ्या होत्या. एका सीटवर कोंबडी रोज अंडं घालायची.

एक दिवस धुरपदाबाई गेली, कोंबडी उठवली आणि सायकल बाहेर काढली. चौथ्या दिवशी ती लुगडं सावरत तलावापर्यंत जाऊन आली. राजेश्री मराठीची एमए. कादंबऱ्यांतल्या पुष्कळ नायिका तिच्या ओळखीच्या होत्या. लुगडं नेसून घाट उतरणारी त्यांत एकही नव्हती. ती ओट्यावर बघतच उभी राहिली होती.

"बघायलीस काय? तू बी बस," धुरपदाबाई म्हणाली होती.

अशी राजेश्री या कामात आली. फोन घेणं तिच्याकडे, आणि पत्रक लिहिणं. पत्रक तिने मन लावून लिहिलं. 'डोंगरांच्या कुशीतून, जलाशयाच्या काठाने, विजेच्या पंखांवर एक दिवस.' धुरपदाबाईला वाचून दाखवलं.

"पंख कुठं हायेत?"

"काकू, तसं म्हणायचं असतं."

"म्हन बाई. पन त्याच्याखाली लिव्ह, की चढाला उतरून चालावं लागंल."

राजेश्रीने ती ओळ लिहिली आणि छापायला देताना काढून टाकली. असं कुठल्या पत्रकात असतं, असं तिला वाटलं.

आता ती ओळ चढ चढत होती. पुढे धुरपदाबाई सायकलीच्या हँडलला धरून, तिच्यामागे दिनकरराव, मग रोहिणीताई, मग अर्पिता मॅडम. अर्पिता मॅडम संस्थेच्या. वय तिशीच्या आतबाहेर, पाठीला बॅग, हातात सतत मोबाइल. आजचा दिवस बघून त्या ठरवणार होत्या, की दर शनिवार-रविवारी इथे पाहुणे पाठवायचे, की सायकली दुसऱ्या गावाला द्यायच्या.

आणि त्यावर धुरपदाबाईचं पुढचं सगळं अडकलेलं होतं. आज संध्याकाळी तात्याराव मुकादम यंदाच्या ऊसतोडीचा होकार घ्यायला येणार होता. दिवाळी झाली की गाडी निघते. मुलगी ज्ञानेश्वरी यंदा दहावीला. सहावी तिने उसाच्या फडात, पाचटावर बसून काढली. सातवीपासून आजीजवळ राहिली. आजी या उन्हाळ्यात गेली. आता कोयता घेतला, म्हणजे तोडणीला गेलं, तर पोरीला एकतर बरोबर न्यायचं, नाहीतर कुलूप लावलेल्या घराच्या ओट्यावर ठेवायचं. दोन्ही धुरपदाबाईला नको होतं. सायकली चालल्या तर घरी राहता येणार होतं.

सकाळी निघताना मुंजाजीने विचारलं होतं, "तू यायच्या आत तात्या आला तर काय सांगू?"

"च्या पाज."

"आन मग?"

"दुसरा पाज."

चढ संपला. धुरपदाबाईने सायकलीच्या मानेवर, म्हणजे हँडलखाली, थाप मारली. "शाब्बास, परधान." मग पाहुण्यांना म्हणाली, "बसा आता. उतार हाय."

सहाही सायकलींना नावं होती. सोन्या दिनकररावांकडे, हरण्या रोहिणीताईंकडे, मोत्या अर्पिता मॅडमकडे, तांबड्या राजेश्रीकडे. बाशिंग्या घरी आराम करत होता, कारण तो कालच बोरीच्या बाजारातून आला होता.

खाली तलाव दिसला. श्रावण-भादव्याच्या पाण्याने तुडुंब. पलीकडच्या टेकड्या हिरव्या आणि त्यांच्या पायाशी तरवडाची पिवळी फुलं. वाऱ्याला कोवळ्या गवताचा वास. सायकली आवाज न करता उतरत होत्या. काठावरचे बगळे उडालेसुद्धा नाहीत. रोहिणीताई पहिल्यांदाच मोकळ्या हसल्या.

"अहो, बघा तरी. तुम्ही नुसता मीटर बघताय."

"पाच काड्यांपैकी साडेचार आहेत," दिनकरराव म्हणाले. "एवढं चालूनही अर्धी गेलीच."

तलावाच्या भिंतीशी पाणी प्यायला थांबले तेव्हा रोहिणीताईंचं लक्ष नवऱ्याच्या मागच्या बाजूला गेलं. साहेबांची पांढरी पँट मागून पिवळीधमक झाली होती.

"अहो, तुम्हाला हळद कोणी लावली?"

साहेबांनी मागे हात नेला. अर्पिता मॅडमनी आपली पँट पाहिली. तीही तशीच. सगळ्यांनी सायकलीच्या सीटकडे पाहिलं, मग धुरपदाबाईकडे.

"खांदेमळनी केली होती," ती म्हणाली. "मागल्या आठवड्यात पोळा झाला की."

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे हळद-तुपाने मळतात. जू तिथे टेकतं म्हणून.

"पण सायकलीला खांदा कुठे असतो?" अर्पिता मॅडमनी विचारलं.

"वजन कुठं पडतं?"

अर्पिता मॅडमनी मोबाइल काढला आणि काहीतरी लिहिलं. राजेश्रीने मान लांब करून पाहायचा प्रयत्न केला. दिसलं नाही.

"पुसलं होतं मी," ती हळूच धुरपदाबाईला म्हणाली. "दोनदा पुसलं होतं."

"तूप हाय पोरी. ते आत जातं. त्यासाठीच लावत्यात."

दुपारी बारा वाजता, तलावाचा अर्धा फेरा झालेला असताना, धुरपदाबाईने एका लिंबाखाली सायकली सोडल्या. सोडल्या हाच तिचा शब्द. पाचही बॅटऱ्या काढल्या, सावलीत घोंगडीवर ओळीने ठेवल्या आणि त्यांच्यावर उपरणं पांघरलं. मग फडकं सोडलं. ज्वारीच्या भाकरी, भाजलेल्या धान्याच्या पिठाची, येसराची आमटी, ठेचा, घट्ट दही.

"किती वेळ थांबायचं?" अर्पिता मॅडमनी घड्याळ पाहिलं.

"घंटाभर."

"जेवायला?"

"न्हाई. जेवन आपलं धा मिंटात हुतं. घंटा त्यांचा." तिने घोंगडीकडे बोट दाखवलं.

दिनकररावांना आता राहवेना. त्यांनी भाकरीचा तुकडा खाली ठेवला. "बाई, मी बत्तीस वर्षं विजेत काढली. बॅटरी दमत नाही. तिला विश्रांती दिल्याने ती भरत नाही."

"न्हाई भरत?"

"नाही."

"मग तुमची आमच्या वाडीवरची डीपी दुपारी बारा ते चार कामून आराम करती? आमाला वाटलं तिला गरज असंल."

रोहिणीताईंना ठसका लागला. दिनकररावांनी पाण्याचा तांब्या त्यांच्याकडे सरकवला आणि निमूट भाकरी उचलली. थोड्या वेळाने म्हणाले, "आमटी छान आहे."

"घ्या की अजून. राजे, वाढ साहेबांना."

जेवण झाल्यावर साहेब लिंबाखाली आडवे झाले आणि पाच मिनिटांत घोरायला लागले. घंटाभर कोणाला उठवावं लागलं नाही. अर्पिता मॅडमही बॅगेवर डोकं ठेवून पाण्याकडे बघत राहिल्या. मोबाइल पोटावर पालथा.

राजेश्री धुरपदाबाईजवळ सरकली.

"काकू, त्या नाराज दिसताहेत. पलीकडच्या बाजूला तरी त्यांना बसून जाऊ द्या."

"तू लिव्हलंस का कागदावर, चढाला उतरावं लागंल म्हनून?"

राजेश्री गवताची काडी मोडत बसली.

"न्हाई लिव्हलं," धुरपदाबाई स्वतःच म्हणाली. आवाजात राग नव्हता. "म्हनून त्या नाराज हायेत. आंदी म्हाईत असलं की मानूस चालतो."

पण दुपारी अर्पिता मॅडमनी सरळच सांगितलं. "धुरपदाताई, मला या सायकली नीट पाहायच्या आहेत. आता चढालाही मी बसूनच जाणार."

"मीही," दिनकरराव म्हणाले. झोप झाल्याने त्यांना जोर आला होता.

राजेश्रीला वाटलं, आता वाजणार. धुरपदाबाईने फक्त दोघांकडे पाहिलं.

"बसा. तुमची मर्जी. वाट एकच हाय, चुकायचं काम न्हाई."

दोघांनी बटण दाबलं आणि मोटारी लागल्या. टेकडीवर टेकडी, सीताफळीच्या झुडपांतून वर, मग खाली, परत वर. सोन्या आणि मोत्या वाऱ्यावर निघाले. दिनकरराव वळणावर मागे बघून हात हलवत होते. सासऱ्यांच्या दारात वरात आल्यासारखे. रोहिणीताईंनी मात्र हरण्यावरून उतरून चालणं पसंत केलं.

"घरी मी हेच करते," त्या म्हणाल्या. "ते पुढे जातात, मी मागून चालते. पोचतो एकाच वेळी."

धुरपदाबाईला हसू आलं. मग त्या दोघी चढभर पोरींबद्दल, गुडघ्यांबद्दल आणि येसर कसं भाजतात याबद्दल बोलत राहिल्या. राजेश्री तांबड्याला घेऊन मागून चालत होती आणि मनात दिवसाचा शेवट लिहीत होती. तो काही चांगला होत नव्हता. तात्यारावाची गाडी, कुलूप, ओट्यावर ज्ञानेश्वरी.

वाडी चार किलोमीटर राहिली असताना शेवटची खिंड लागते. सगळ्या वाटेत तिचा चढ मोठा. खिंडीच्या तोंडाशी दोन माणसं दगडावर बसलेली दिसली. दोन सायकली आडव्या.

"एकही काडी नाही," दिनकरराव म्हणाले. त्यांनी मीटर असा दाखवला, की जणू मीटरनेच काही गुन्हा केला होता. "चाळीस किलोमीटर चालते असं लिहिलंय. सत्तावीसच झालेत."

"लिव्हनारानं आमची खिंड बघितली नसंल," धुरपदाबाई म्हणाली.

मोटार बंद पडली की ही सायकल लोखंडाची म्हैस होते, हे अर्पिता मॅडमना गेल्या अर्ध्या तासात कळलं होतं. तळहात लाल झाले होते.

"टेम्पो बोलावता येईल का?" त्यांनी विचारलं.

"हितं रेंज न्हाई."

धुरपदाबाईने परधानच्या मागच्या पिशवीत हात घातला आणि एक कासरा काढला. बैलाचा. सुताचा, वापरून मऊ झालेला. सकाळी तो पिशवीत घालताना राजेश्री हसली होती. काकू, सायकल काय पळून जाणार आहे, असं म्हणाली होती.

परधानच्या मीटरवर अडीच काड्या होत्या. तांबड्यावर अडीच, हरण्यावर दोन. धुरपदाबाईने कासऱ्याचं एक टोक परधानच्या कॅरियरला बांधलं, दुसरं सोन्याच्या हँडलला. सोन्याच्या मागे काही नाही. मोत्याला तिने तांबड्यामागे दुसऱ्या दोरीने जोडलं. ऊसवाल्यांना हे नवं नाही. अवघड चढ आला की मागची गाडी थांबते, तिचे बैल पुढच्या गाडीला जुंपतात, एक गाडी वर पोचवतात आणि मग परत येतात.

"साहेब, तुमी सोन्याला फकस्त सरळ धरा. ढकलू नका. मॅडम, तुमी मोत्याला. राजे, बटन हळू दाब. बैल बिचकला न्हाई पायजे."

ती परधानच्या बाजूने चालायला लागली. अंगठ्याने बटण जेमतेम दाबलेलं. दुसरा हात सीटवर. "चल रं, चल माज्या राजा. हळू. हं." मोटार गुणगुणली. कासरा ताणला. सोन्या हलला.

वीस मिनिटं ती वरात चालली. मध्ये तीनदा थांबली, कारण धुरपदाबाईने थांबवली. तिसऱ्या थांब्याला दिनकररावांनी वाकून परधानच्या मोटारीला हात लावला. ती गरम होती. त्यांनी हात काढला, धुरपदाबाईकडे पाहिलं, आणि आपल्या गळ्यातला रुमाल काढून मोटारीवरची धूळ पुसली.

"मोटार तापते मात्र," ते म्हणाले. "तेवढं तुमचं बरोबर आहे."

"दमती म्हना की."

"तापते."

"बरं."

खिंडीच्या माथ्यावरून मागे सगळा तलाव दिसला. कलत्या उन्हात तांब्याच्या परातीसारखा. आतापर्यंत त्याचा फोटो कोणी काढला नव्हता. अर्पिता मॅडमनी मोबाइल काढला, पण फोटो काढला तो कासऱ्याचा.

वाडीत शिरले तेव्हा दिवस मावळतीला होता. धुरपदाबाईच्या अंगणात बाजेवर तात्याराव बसला होता. पुढ्यात चार रिकाम्या कपबश्या. मुंजाजी पाचवा घेऊन दारात उभा. ज्ञानेश्वरी ओट्यावर पुस्तक उघडून बसली होती. वाचत मात्र नव्हती, तिचे डोळे वाटेकडे होते.

तात्याराव कासऱ्याला बांधलेल्या सायकलींकडे आणि पिवळ्या पँटांकडे पाहत राहिला.

"धुरपदे, बैल गेले तर आता ही ढोरं वढायलीस व्हय?"

"वढायलेत तेच. म्या नुस्ती संगं चाललेव."

"बरं, ते असू दे. म्या दुपारपास्नं बसलाव. माज्या पोटात निस्ता च्या झालाय. काय ठरलं?"

धुरपदाबाई अर्पिता मॅडमकडे वळली. राजेश्रीच्या हातातली सायकल कलंडता कलंडता राहिली.

"मॅडम, तुमी सांगा."

अर्पिता मॅडम बाजेच्या कडेला बसल्या. लाल तळहात चोळले. "मी पाहुणे पाठवेन," त्या म्हणाल्या. "पण एक अट आहे. चढाला कोणाला उतरवायचं नाही. लोक बसायलाच येतात, ताई."

राजेश्री धुरपदाबाईकडे बघत होती. एक शब्द बोलायचा होता. नुसतं "बरं" म्हटलं असतं तरी चाललं असतं. तिच्या "बरं"चा अर्थ मॅडमना कुठे माहीत होता.

"न्हाई," धुरपदाबाई म्हणाली. "उतरावं लागंल. न्हाईतर खिंडीत बसावं लागंल. म्या खोटं कशाला सांगू?"

ज्ञानेश्वरीने पुस्तक मिटलं. तात्यारावाने गुडघ्यावर हात ठेवून उठायची तयारी केली.

अर्पिता मॅडमनी दिनकररावांकडे पाहिलं. ते रोहिणीताईंच्या मागे उभे होते, पँट लपवत. रोहिणीताई म्हणाल्या, "मला आज कुठेच ढकलावं लागलं नाही. मी उतरत आले होते."



"मग हे पत्रकात का नाही लिहिलं?" अर्पिता मॅडमनी विचारलं.

धुरपदाबाई राजेश्रीकडे पाहतसुद्धा नव्हती, हेच जास्त होतं.

"मी काढलं," राजेश्री म्हणाली. "लिहिलं होतं. मीच काढलं."

"परत घाला. सगळ्यात वर घाला. पंख वगैरे खाली गेले तरी चालतील." अर्पिता मॅडमनी मोबाइलमध्ये काहीतरी शोधलं. "या शनिवारी पाच जण आहेत. दर आठवड्याला पाठवते. त्यांत एक आजी आहेत, त्र्याहत्तर वर्षांच्या. त्यांना तरी चढाला बसू द्याल?"

धुरपदाबाईने विचार केला.

"वजन किती हाय?"

दिनकरराव मोठ्याने हसले. सबंध दिवसात पहिल्यांदा. मुंजाजीने पाचवा कप त्यांच्या हातात दिला, कारण आता तात्यारावाला तो द्यायचं कारण उरलं नव्हतं.

"तात्या," धुरपदाबाई म्हणाली, "यंदा न्हाई. पोरीची दहावी हाय."

मुकादम व्हायच्या आधी बारा वर्षं तात्यारावही गाडीवान होता. तिला नाही म्हणता येतं हे त्याला पटायला वेळ लागला, पण पटलं. तो उठला, टोपी नीट केली आणि परधानजवळ गेला. सीटवर हात फिरवला. बोट पिवळं झालं. वास घेतला.

"खांदेमळनी केलीस व्हय."

"केली की."

"एक चक्कर मारू का? मारुतीपस्तोर."

"मार. अजून दीड काडी हाय."

तात्याराव बसला. धोतर आवरलं. सायकल हलली तसा तो आधी डगमगला, मग सरळ झाला. गल्ली संपते तिथून मारुतीच्या पाराकडे जाणारा रस्ता थोडा चढाचा आहे. सगळे अंगणात उभे राहून बघत होते.

चढाशी पोचताच तात्याराव खाली उतरला. कोणी सांगितलं नव्हतं. हँडलला धरून तो परधानच्या बरोबरीने चालायला लागला, मान खाली घालून, काहीतरी पुटपुटत.

ज्ञानेश्वरीने पुस्तक पुन्हा उघडलं. धुरपदाबाई कासरा गुंडाळत होती.